वाद्यवृंद की ‘ट्रॅक’?

स्नेहसंमेलनात हल्ली वाद्येच दिसेनाशी झाली आहेत. ट्रॅक लावायचा नि त्यावर गायचे, की झाला कार्यक्रम! उन्हाळ्यात भोपाळला, बाग सेवनियात मामांकडे गेलो होतो. तिथल्या मुलांचाही तोच प्रकार. आणि तोही मैहर ज्या राज्यात आहे तिथे!

१९१८ च्या सुमारास मैहर संस्थानात साथीने कितीतरी मुले पोरकी झाली. महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अशा मुलांच्या हाती वाद्ये दिली आणि मैहर बँड उभा राहिला. बंदुकीच्या नळ्या कापून बाबांनी ‘नलतरंग’ हे वाद्यही घडवले. मुले वाजवीत त्या बाबांच्या स्वतःच्या नव्या रचना. म्हणजे त्या काळचे अगदी ताजे शास्त्रीय संगीत!

आपले संगीत एकट्याने मांडायचे, त्याला वृंद मानवत नाही, असे काही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. रविशंकर, अली अकबर घडवणाऱ्या गुरूनेच हा बँड चालवला ना?

मी पडलो वाणिज्य शाखेचा. ध्वनिक्षेपकाचे भाडे हा महसुली खर्च, रात्रीत संपणारा. पेटी-तबला हा भांडवली, वर्षानुवर्षे वाजणारा. शिवाय आपल्याकडे मराठी कार्यक्रम वेगळा, कन्नड वेगळा. वाद्यवृंदात ही वाटणी कशी करणार? धारवाडकडचा तबलजी नि खानापूरचा बासरीवाला यांना सम एकच! रचना आपल्यापैकीच कोणी बांधावी. पहिल्या खेपेस फसली तरी चालेल. संमेलनाच्या अर्जात यंदा ‘वाद्यवृंद’ हा रकाना तेवढा छापा. तबल्यापुढे माझे नाव लिहून घ्या.