पॉइंटांचें पुण्य

हल्लीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक नवें शास्त्र उदयास आलें आहे. कोणत्या बँकेचें क्रेडिट कार्ड घ्यावें, किराणा कोणत्या कार्डावर आणावा, आणि सांठलेले पॉइंट कोणत्या विमान-कंपनीकडे वळवावे, म्हणजे नागपूरहून पुण्याचें तिकीट जवळजवळ फुकट पडतें, याची चर्चा आतां चंद्रपुरासारख्या अरण्यवेष्टित शहराच्या दिवाणखान्यांतूनही ऐकूं येते. या शास्त्रांत पारंगत असलेल्या गृहस्थास चतुर म्हणून मानही मिळतो. चातुर्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु या उद्योगास काटकसर म्हणावें आणि त्या तिकिटास फुकट म्हणावें, या दोन गोष्टींस आमचा स्पष्ट विरोध आहे.

प्रथम ‘फुकट’ या शब्दाचा समाचार घेऊं. अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ सालीं नित्याच्या प्रवाशांस मैल मोजून बक्षीस देण्याची योजना काढली, ती गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठीं. पुढें बँका असे मैल कंपन्यांकडून विकत घेऊन आपल्या कार्डधारकांस वांटूं लागल्या. हा पैसा बँकेस कोठून मिळतो? क्रेडिट कार्डानें पैसे दिले कीं दुकानदाराच्या हातीं पूर्ण रक्कम पडत नाहीं. शेंकडा सुमारें दीड-दोन रुपये मधल्यामध्यें कापले जातात. दुकानदारानें कांहीं धर्मादाय मांडलेला नाहीं. तो ही तूट मालाच्या भावांत भरून काढतो. आणि भाव तर सर्वांस एकच! वैशाखांत तेंदूपत्त्याची मजुरी गांठीस बांधून लग्नाचें कापड घेण्यास चंद्रपुरास आलेली बाई नोटा मोजून देते, तेव्हां त्या नोटांत आमच्या विमानाच्या भाड्याचाही अंश असतो. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं अमेरिकेपुरता हा हिशेब मांडला : रोखीनें व्यवहार करणारें कुटुंब वर्षाकाठीं सरासरी १४९ डॉलर गमावतें, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरांत ११३३ डॉलर पडतात. आपल्याकडील आंकडे निराळे निघतील. गणिताची रीत तीच आहे. बँक-खात्यांतून यूपीआयनें दिलेल्या पैशांवरील दुकानदाराचा भार सरकारनें जानेवारी २०२० मध्यें काढून टाकला. त्या व्यवहारांवर विमानाच्या पॉइंटांची खैरात कां होत नाहीं, हें वाचकांनींच ताडून पाहावें.

आतां काटकसर. काटकसर म्हणजे खर्च न करणें. येथें तर खर्च केल्यावांचून पॉइंट नाहीं. बिलाची बाकी राहिली, तर महिन्यास शेंकडा साडेतीन रुपयांच्या आसपास व्याज चढतें, म्हणजे वर्षाचे चाळीस रुपयांहून अधिक. खेड्यांतील सावकारास नांवें ठेवणाऱ्या आम्हांस हा दर खटकत नाहीं, हें नवल होय! शिवाय पॉइंटाचा भाव कंपनी ठरविते आणि कंपनीच उतरविते. किंगफिशरचीं उड्डाणें २०१२ सालीं थांबलीं, जेटचीं एप्रिल २०१९ मध्यें. असल्या नाण्यांत केलेल्या संचयास बचत कोण म्हणेल?

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. सवलत ही गरजेस द्यावयाची, असा आपला जुना संकेत. एस.टी.नें ऑगस्ट २०२२ मध्यें पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस भाडें माफ केलें, आणि मार्च २०२३ मध्यें स्त्रियांस निम्में केलें. तेथें कोणी किती खर्च केला हें विचारीत नाहींत. उलट, रेल्वेनें वृद्ध पुरुषांस शेंकडा ४० व स्त्रियांस शेंकडा ५० अशी जी भाडेसवलत ठेविली होती, ती मार्च २०२० मध्यें बंद झाली. त्यावर आमच्या वर्गानें किती आवाज उठविला? पॉइंटांवर आईबापांस विमानानें नेणाऱ्या मुलांस ती उणीव जाणवलीच नाहीं. चैत्रांत महाकालीच्या यात्रेस येणारी म्हातारी पूर्ण भाडें देऊन गाडींत बसली, ती कोणाच्या ध्यानांत राहिली? ज्याचा खर्च मोठा त्यास सूट, आणि ज्याची गरज मोठी त्यास पूर्ण भाडें, ही व्यवस्था आम्ही हूं कीं चूं न करितां पत्करली!

“आम्ही पॉइंट सोडले म्हणून भाव थोडेच उतरणार?” असें कोणी विचारील. नाहीं उतरणार. म्हणून पॉइंट फेंकून द्या, असें आम्ही सांगत नाहीं. लहान दुकानदारास रोख वा यूपीआयनें पैसे द्यावे, कार्डाचें बिल मुदतींत फेडावें, आणि तिकिटाच्या हिशेबास जितक्या संध्याकाळी घालवितों त्यांतील एखादी तरी रेल्वेची सवलत मागणारें पत्र लिहिण्यास द्यावी. आपलें तिकीट स्वस्त करून घेण्याइतकी बुद्धि ज्यांस आहे, त्यांनीं ती दुसऱ्याच्या तिकिटासाठींही थोडी वेंचावी, इतकेंच आमचें मागणें आहे.