जीएसटी गेला, पण छोट्या दुकानदाराच्या आजारपणाचं काय?



ट्रेनिंगमध्ये बिझनेस प्लॅन लिहायला दिला की भाडं, माल, लाइट बिल, पगार, जाहिरात हे सगळे नीट मांडतात. आजारपणाची ओळ क्वचितच कोणी लिहितं. पण छोट्या धंद्यात खरेदी मालकच करतो, गल्ल्यावर तोच बसतो आणि उधारीही तोच वसूल करतो. तो पंधरा दिवस आडवा झाला की एकीकडे हॉस्पिटलचं बिल आणि दुसरीकडे बंद शटर. मग हात जातो तो थेट खेळत्या भांडवलात.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. सरकारने विमा स्वस्त केला, हे चांगलंच झालं. पण छोट्या दुकानाला गरज आहे ती सरकारी आरोग्य व्यवस्थेत जागा मिळण्याची, आणि ती अजून अर्धवटच मिळाली आहे.

आधी जे झालं त्याचं श्रेय देऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांना खुली करून संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ७० वर्षांवरील आईवडिलांना तर उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं.

मग अडचण कुठे आहे? एक म्हणजे या योजना मुख्यतः हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर, ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच चालतात. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी आपल्याच खिशातून जाते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता. सुधारणा मोठी आहे, पण ओझंही अजून मोठंच आहे.

दुसरी अडचण आपल्या दुकानातली. समजा तुमच्याकडे सहा माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी ४०,००० रुपयांची ग्रुप पॉलिसी घेतली. ग्रुप पॉलिसीवरचा जीएसटी गेलेला नाही, म्हणजे वर ७,२०० रुपये. कायद्याने असा विमा बंधनकारक नसेल तर त्याचं इनपुट क्रेडिटही मिळत नाही. जो मालक स्वतःहून कामगारांची काळजी घेतो, त्याच्याच खिशाला कात्री!

आता ईएसआयसीचा हिशोब बघा. १६,००० पगारावर मालक ३.२५ टक्के म्हणजे ५२० रुपये भरतो, कामगार ०.७५ टक्के म्हणजे १२०. महिन्याला एकूण ६४० रुपये. त्यात कामगाराला आणि कुटुंबाला ओपीडीपासून ऑपरेशनपर्यंत उपचार आहेत, आणि अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही. पण सक्ती १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना, आणि पगाराची मर्यादा २१,०००. सामाजिक सुरक्षा संहितेत १० पेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही स्वेच्छेने येण्याची तरतूद आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार तयार हवेत. पण एकट्या मालकीच्या धंद्यात खुद्द मालकाला यात जागा नाही, कारण तो कागदावर 'कामगार' नाही. सकाळी शटर उघडणाऱ्यालाच छत्री नाही!

म्हणून माझी मागणी साधी आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या मालकाला स्वतःचा हप्ता भरून कामगारांबरोबर ईएसआयसीत येऊ द्या. आणि छोट्या दुकानांच्या ग्रुप पॉलिसीवरचाही जीएसटी काढा.

यावर काही जण म्हणतील, अशाने फक्त आजारी लोकच आत येतील. मुद्दा बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे अख्ख्या दुकानाची एकत्र नोंदणी आणि सुरुवातीचा ठरावीक प्रतीक्षा काळ. दुसरे म्हणतील, उद्योजकाने सरकारकडे कशाला बघायचं? अहो, रस्ता आणि वीज आपण एकेकट्याने बांधत नाही, तसंच हे आहे. जोखीम जितक्या जास्त लोकांत वाटली जाते, तितकी ती प्रत्येकाला हलकी पडते.

पण एक लक्षात ठेवा, दवाखान्यात डॉक्टर आणि औषध नसेल तर कार्ड नुसतं पाकिटात राहतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. विमा सुधारणेइतकाच हा आकडा महत्त्वाचा आहे.

सरकार ऐकेपर्यंत आपण काय करायचं?

१. घरातल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डाची पात्रता या आठवड्यातच तपासा.
२. तब्येत ठणठणीत असतानाच पॉलिसी घ्या. जुन्या आजारासाठी प्रतीक्षा काळ ३ वर्षांपर्यंत असू शकतो. फॉर्ममध्ये शुगर-बीपी लपवू नका, नाहीतर क्लेम अडकेल.
३. तीन महिन्यांच्या दुकानखर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. विमा हॉस्पिटलचं बिल भरतो, दुकानाचं भाडं नाही.
४. तुमच्या व्यापारी संघटनेच्या पुढच्या बैठकीत वरची मागणी लेखी मांडा. पार्किंग आणि फुटपाथवर आपण एकत्र येतो, मग तब्येतीवर का नाही?

आणि हो, बिझनेस प्लॅन काढा आणि त्यात आजारपणाची ओळ आजच लिहा.