घरातली निवडणूक किती दिवस चालते?

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचा प्रचार ऐन रंगात असताना, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाटात एका उमेदवाराने घर सोडले. कंकर मुंजारे बहुजन समाज पक्षाच्या तिकिटावर उभे होते आणि त्यांच्या पत्नी अनुभा मुंजारे काँग्रेसच्या आमदार. वेगवेगळ्या विचारांची दोन माणसे निवडणुकीच्या काळात एका छपराखाली राहिली तर लोकांना ती मिलीभगत वाटेल, असे मुंजारेंचे म्हणणे. ते एका धरणाजवळच्या झोपडीत राहायला गेले. १९ एप्रिलचे मतदान आटोपले की परत येईन, असे सांगून गेले. अनुभाताईंना हे लागले. पाचच महिन्यांपूर्वी त्या बालाघाटातून काँग्रेसतर्फे आणि पती परसवाड्यातून गोंडवाना गणतंत्र पक्षातर्फे विधानसभा लढले, तेव्हा दोघे एकाच घरात राहत होते, याची आठवण त्यांनी करून दिली.

बातमी तशी गमतीची. पण आरोग्याच्या अंगाने पाहिले तर तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुंजारेंनी दुराव्याला तारीख दिली होती. बहुतेक घरांत निवडणुकीवरून जो दुरावा येतो, त्याला अशी तारीख नसते, आणि शरीराचे नुकसान नेमके तिथे सुरू होते.

गोंदिया जिल्ह्यातल्या नातेसंबंधांचा नकाशा राजकीय नकाशाशी कधीच जुळत नाही. गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ भंडारा-गोंदिया लोकसभेत. आमगाव मात्र गडचिरोली-चिमूरमध्ये. सून बालाघाटची, आत्या डोंगरगडकडे दिलेली, धाकटा मुलगा नागपुरात नोकरीला. म्हणजे एकाच कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार-पाच लोकसभा मतदारसंघ. २०२४ मध्ये भंडारा-गोंदियात काँग्रेसचे प्रशांत पडोळे ३७,३८० मतांनी जिंकले, गडचिरोली-चिमूरही काँग्रेसकडे गेले; पलीकडे बालाघाट आणि राजनांदगाव भाजपने राखले. देशात भाजपला २४० जागा मिळाल्या, बहुमताचा आकडा २७२. त्यामुळे ४ जूनच्या संध्याकाळी ग्रुपवरच्या प्रत्येकाकडे जिंकल्याचा थोडा पुरावा होता आणि हरल्याचाही. एकतर्फी निकालात हरलेला निदान गप्प तरी बसतो. चुरशीच्या निकालात दोघांनाही आपण जवळजवळ बरोबर होतो असे वाटते, म्हणून वाद मिटत नाही. जुन्या माणसांना २००४ आठवत असेल. तेव्हा इथे भाजपचे शिशुपाल पटले यांनी प्रफुल्ल पटेल यांचा सुमारे तीन हजार मतांनी पराभव केला होता, आणि देशात काँग्रेस १४५ तर भाजप १३८ वर थांबला होता.

२०२४ ला आणखी एक गोष्ट घडली. गोंदियाने पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला मतदान केले. अर्जुनी-मोरगाव आणि आमगावात तर दुपारी ३ वाजताच मतदान संपले. निकाल लागला ४ जूनला. मधले ४६ दिवस इथल्या मतदाराच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते, मत यंत्रात बंद झाले होते. पण देशभरातले पुढचे सहा टप्पे, सभा, दावे आणि प्रतिदावे मोबाइलवर रोज सुरूच होते. मतदान एका दिवसाचे, वाट पाहणे दीड महिन्याचे.

वाद झाला की शरीरात काय होते, हे आता बरेच माहीत आहे. आधी अ‍ॅड्रेनलिन स्रवते: नाडी वाढते, रक्तदाब चढतो, तोंड कोरडे पडते. काही मिनिटांनी कॉर्टिसॉलची पातळी वाढते, रक्तातली साखर वर जाते. वाद संपला की तासा-दोन तासांत ही सगळी यंत्रणा पुन्हा जागेवर येते. एवढ्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. तावातावाने चर्चा करणारे आजोबा त्या चर्चेमुळेच ठणठणीत आहेत, असे घरचे म्हणतात, त्यात थोडे तथ्यही असेल. बिघडते ते यंत्रणा जागेवर यायला सवड मिळत नाही तेव्हा. ब्रूस मॅकइवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये एलियट स्टेलर यांच्यासह यासाठी ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ अशी संज्ञा मांडली. सोप्या भाषेत, सतत सज्ज राहण्याची शरीराला मोजावी लागणारी झीज.

या झिजेला किती दिवस लागतात, याचा एक सुंदर अभ्यास १९९८ चा आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिले. त्याआधी प्रत्येकाच्या आयुष्यातल्या ताणांची सविस्तर नोंद घेतली होती. महिन्याहून कमी काळ टिकलेला ताण, तो कितीही तीव्र असो, सर्दीचा धोका वाढवत नव्हता. महिना किंवा त्याहून अधिक टिकलेला ताण मात्र ठळकपणे वाढवत होता. आणि असा लांबलेला ताण मुख्यतः दोन प्रकारचा होता: कामधंदा नसणे, आणि घरच्यांशी किंवा मित्रांशी लांबलेले बिनसणे. हा अभ्यास निवडणुकीवरचा नाही, सर्दी म्हणजे काही मोठा आजारही नाही. तरी ४६ दिवसांच्या शेजारी ही महिन्याची रेघ ठेवून पाहावी.

आमगाव तालुक्यातले एक घर समजा. पासष्टीचे वडील, रक्तदाबाची गोळी रोज एक. दोन मुलगे, दोन पक्ष. मतदानाआधी छपरीत वाद व्हायचे, आवाज चढायचे, जेवायला मात्र पंगत एकच. मतदानानंतर आवाज चढणे थांबले; थोरला टीव्ही लावतो, धाकटा उठून जातो. रात्री उकाड्याने झोप लागत नाही म्हणून दोघेही मोबाइल पाहत पडतात आणि प्रत्येकाला आपल्याच बाजूचे व्हिडिओ दिसतात. वडील दोघांमध्ये काहीच बोलत नाहीत. गोळी कधी घेतली, कधी राहिली. अशा घरात मे महिन्यात रक्तदाब तपासला तर तो चढलेला आढळेल, पण केसपेपरवर कारण लिहायला रकाना नसतो. डॉक्टर डोस वाढवतील. मिठाबद्दल विचारतील, तंबाखूबद्दल विचारतील, घरात कोण कोणाशी बोलत नाही हे विचारणार नाहीत. खरे तर एवढा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही.

निवडणुकीचा हृदयावर परिणाम होतो का, यावर आकडे आहेत ते अमेरिकेतले. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्य संस्थेत तीव्र हृदयविकार व पक्षाघातासाठी भरती होण्याचे प्रमाण आधीच्या आठवड्यातल्या त्याच दोन दिवसांच्या १.६२ पट होते. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका संस्थेचे, दोन दिवसांचे आकडे. त्यावरून गोंदियात काय घडते ते सांगता येणार नाही. शिवाय अशा आकड्यांबाबत थोडा धीर धरलेलाच बरा, हे आणखी एका प्रकरणाने दाखवले. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला घरच्यांनी एकत्र जेवायचा सण. २०१६ ला वेगवेगळ्या पक्षांचे नातेवाईक एकत्र आले तिथे हे जेवण ३० ते ५० मिनिटे लवकर आटोपले, असे मोबाइलच्या ठावठिकाण्यांवरून काढलेले निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये २०१८ ला आले आणि जगभर गाजले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी लोकांना थेट विचारून मोजले तेव्हा फरक निघाला ४ ते ११ मिनिटांचा. म्हणजे एक चहा कमी. माणसे मतभेद असूनही पानावरून उठत नाहीत, हा या दुसऱ्या आकड्याचा अर्थ. तो मात्र गाजला नाही.

म्हणूनच ‘घरात राजकारण नको’ हा सल्ला, जो प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी देतोच, आरोग्याच्या नावावर खपवू नये. हा नियम घरात सगळ्यांना सारखा लागू होत नाही. वडीलधाऱ्यांचे मत ते मत आणि धाकट्यांचे किंवा सुनेचे मत ते राजकारण, अशी त्याची वाटणी होते. बालाघाटच्या घरातून निदान उमेदवार पती बाहेर पडला. सर्वसाधारण घरात वेगळे मत असलेल्या सुनेला जायला झोपडी नसते. ती गप्प बसते आणि घर एकमताचे आहे असे सगळे समजतात. गप्प बसणाऱ्याच्या शरीरात ताण कमी असतो, असे मानायला काही आधार नाही. मतदान यंत्राभोवतीचा तो पुठ्ठ्याचा आडोसा नवऱ्यापासून आणि सासऱ्यापासूनही मत लपवण्यासाठी आहे, याचा घरातल्या कर्त्यांना सोयीने विसर पडतो. खेड्यात तर मतमोजणीनंतर केंद्रनिहाय आकडे हाती येतात आणि ‘आपल्या वार्डातली ती चार मते कोणाची फुटली’ याचा शोध सुरू होतो. ४ जूनला संपायला हवे ते तिथून पुन्हा सुरू होते.

दुसरी गोष्ट शब्दांची. आमगाव ज्या लोकसभा मतदारसंघात येते, त्याच मतदारसंघातल्या अहेरीत त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेला धर्मरावबाबा आत्राम, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव हे तिघेही रिंगणात होते. त्याआधी मुलीने पक्ष बदलण्याच्या चर्चेवर वडिलांनी भर सभेत लेक-जावयाला प्राणहिता नदीत फेकून देण्याची भाषा केल्याच्या बातम्या राज्यभर छापून आल्या. निवडणूक झाली, बाबा जिंकले. असे वाक्य निकालाबरोबर निकालात निघते का, हे ज्याचे त्याला ठाऊक. वैद्यकीय उत्तर फारसे आशादायक नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड आणून ते किती दिवसांत भरतात ते मोजले. वाद सगळ्याच जोडप्यांना घालायला सांगितला होता. पण ज्यांच्या बोलण्यात एकमेकांविषयी वैर आणि टोचणी जास्त होती, त्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे ६० टक्के वेगानेच भरल्या. अशा घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेचा विचार करताना हा आकडा आठवावा.

तेव्हा विषय बंद करण्यापेक्षा वेळ बंद करणे अधिक उपयोगाचे. जेवणाआधी अर्धा तास हवे तेवढे भांडा, टीव्ही लावा, आकडे काढा; पान वाढले की संपले. रात्री नऊनंतर कुटुंबाच्या ग्रुपवर निवडणूक नाही. यात आदर्शवाद काही नाही, झोपेआधीचे दोन तास कॉर्टिसॉलला खाली उतरायला मिळावेत, एवढाच हिशेब आहे. निकालाच्या दिवसाची व्यवस्था वेगळी. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे, त्यांनी त्या दिवशी सकाळची गोळी टीव्ही लावण्याआधी घ्यावी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक घाम, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले तर पुढच्या फेरीचा कल पाहत न थांबता १०८ ला फोन करावा. निकाल लागून महिना उलटल्यावरही झोप लागत नसेल, किंवा एखाद्या नातलगाचे नाव निघाले तरी छातीत धडधडत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. आणि ‘त्यांचा’ असा उल्लेख सुरू झालेल्या भावाचे, दिराचे, सासऱ्याचे नाव पुन्हा नावाने घ्यायला लागणे हे औषधाच्या यादीत कुठे नसले तरी रक्तदाबाला मानवते.

गोंदियात या कामाला शेती नकळत मदत करते. मतदान आणि निकाल यांच्या मधल्या त्या दिवसांतच तेंदूपत्त्याची तोडणी असते आणि उन्हाळी धान कापणीला येतो. हार्वेस्टरवाला गावात आला की दोघा भावांच्या लागून असलेल्या बांध्या एकाच फेरीत उरकायला पाहतो, एकासाठी पुन्हा मशीन आणायला तयार नसतो. त्याला कोणत्या दिवशी बोलवायचे, हे ठरवायला तरी एका भावाने दुसऱ्याला फोन करावाच लागतो.