‘जीव नाही’ म्हणण्याआधी

गेल्या गणपतीत ओळखीतल्या एका गिटारवाल्याने आपला मल्टि-इफेक्ट्स प्रोसेसर विकायला काढला. वर्षभर जुना, खोक्यासकट, अर्ध्या किमतीत. कारण विचारलं तर म्हणाला, “आवाजात जीव नाही रे. प्लास्टिक वाटतो. डिजिटल ते डिजिटलच.” मी त्याच्या घरी गेलो. प्रोसेसरमधून निघालेली केबल गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जोडलेली होती आणि प्रोसेसरच्या आतलं कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरची नक्कल) हेही चालू होतं. ते बंद करायला तीन बटणं दाबावी लागली. त्याने एक ई मायनर छेडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा छेडला आणि आत चहा सांगितला. विकायचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही.

तीन बटणांच्या अज्ञानावर उभा राहिलेला हा ‘जीव नाही’चा सिद्धांत सध्या इतका बोकाळला आहे, की त्याचा समाचार घ्यायलाच हवा. आधी पूर्वपक्ष, त्याच्याच शब्दांत. खरा आवाज व्हॉल्वच्या अ‍ॅम्पमधून येतो, कारण तिथे विजेचा प्रवाह अखंड वाहतो. डिजिटल यंत्र त्या प्रवाहाचे तुकडे करतं, तुकड्यांचे आकडे करतं आणि आकड्यांतून पुन्हा आवाज सांधतं. सांधलेल्या गोष्टीत जीव कुठून येणार? शिवाय या सगळ्या उद्योगात वेळ जातो, बोट आणि आवाज यांत अंतर पडतं. आणि शेवटचं ब्रह्मास्त्र असं, की थोरामोठ्यांनी कधी असली खेळणी वापरली नाहीत.

ब्रह्मास्त्रापासूनच सुरुवात करू, कारण ते सगळ्यात पोकळ आहे. इव्हेंटाइडचा एच९१० हा डिजिटल यंत्राचा डबा १९७५ च्या सुमारास स्टुडिओंत आला. लेक्सिकॉनचा २२४ हा डिजिटल रिव्हर्ब १९७८ चा. बॉसने १९८३ मध्ये डीडी-२ काढला आणि डिजिटल डिले पायाखालच्या छोट्या पेडलमध्ये आला. यू-टू बँडच्या द एजची उसळती, टप्पे घेत जाणारी गिटार ज्यांना पाठ आहे, त्यांनी ऐकलेल्या त्या टप्प्यांत कॉर्गच्या एसडीडी-३००० या डिजिटल डिलेचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्या कॅसेटी ऐकून आपण ‘अ‍ॅनलॉगची ऊब’ हा शब्द शिकलो, त्यातल्या कितीतरी कॅसेटींत आकडे आधीच जाऊन बसले होते. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर डिसेंबर २०१३ मध्ये मेटालिकाने अंटार्क्टिकावर, अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर केलेला कार्यक्रम घ्या. तिथल्या निसर्गाला गोंगाटाचा त्रास नको म्हणून श्रोत्यांना हेडफोन दिले होते. अ‍ॅम्पची भिंत उभी करण्याचा प्रश्नच नव्हता; गिटारी फ्रॅक्टलच्या अ‍ॅक्स-एफएक्स या डिजिटल यंत्रातून आल्या. मेटालिकाच्या आवाजात जीव नाही, असं म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आता उशीर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवलं तर आवाज कानाशी यायला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात. चांगला प्रोसेसर स्वतः घेतो त्या जेमतेम काही मिलिसेकंद. तेव्हा उशिराचा एवढाच बाऊ असेल तर अ‍ॅम्पला कान लावून वाजवा, आणि ड्रमरला मांडीवर बसवा. मात्र एक कबूल करतो. प्रोसेसरला ब्लूटूथचा हेडफोन लावून सराव करणारी मुलं मी पाहिली आहेत. ब्लूटूथ सहज १०० मिलिसेकंदांच्या वर वेळ खातं, आणि मग मुलगा म्हणतो की यंत्र मागे पडतंय. वायरवाला हेडफोन लावा. गुन्हेगार सापडतो.

तुकड्यांचा आक्षेप मात्र जरा उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात कधीकाळी दम होता. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले की २४,००० हर्ट्झच्या खालचा आवाज त्या नमुन्यांतून पूर्णपणे परत उभा करता येतो. मधल्या जागेत काही सांडत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. तरुण निरोगी कानाची धाव २०,००० हर्ट्झची. आणि गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर? तो ५,००० हर्ट्झच्या आसपास मान टाकायला लागतो. म्हणजे ज्या वरच्या टोकाला आकडे अपुरे पडतील असा धाक घातला जातो, तिथे तुमचा लाडका स्पीकर मुळात पोचतच नाही. दम होता तो दुसरीकडे. डिस्टॉर्शन करताना नवे, खूप वरचे स्वर तयार होतात. ते २४,००० च्या मर्यादेपलीकडे गेले, की परत उलटून खाली येतात आणि गिटारच्या स्वरांशी काहीही नातं नसलेली किरकिर करत बसतात. नव्वदच्या दशकातल्या स्वस्त प्रोसेसरांत ही किरकिर असायची, कारण आतली चिप दुबळी होती. वरच्या फ्रेटवर तार ताणली की मागे एक बेसूर शीळ उलट्या दिशेने घसरायची. ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती आठवत असेल. आजची यंत्रं डिस्टॉर्शनपुरता नमुन्यांचा वेग कितीतरी पट वाढवतात आणि मग खाली आणतात. त्या जुन्या अनुभवाचा राग आजच्या यंत्रावर काढणं म्हणजे आजोबांच्या कर्जासाठी नातवाच्या दारात बसणं.

आणि हा ‘खरा’ आवाज म्हणजे तरी काय? १९६१ साली मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं बाजारात आलं. त्यात ग्रेडी मार्टिनचा बास मध्येच फाटून घुरघुरतो. कारण नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा एक ट्रान्सफॉर्मर बिघडला होता. तो बिघाड लोकांना आवडला, आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो कंपनीने तोच बिघाड डब्यात भरून फझ-टोन या नावाने विकायला काढला. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधला तो प्रसिद्ध खरखरीत सूर त्याच डब्यातून आलेला. ज्याला आज आपण डोळे मिटून ‘अस्सल’ म्हणतो, तो नादुरुस्त यंत्राची नक्कल करणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा आवाज आहे. इलेक्ट्रिक गिटारला सोवळं कधी नव्हतंच.

आपल्याकडे तर हा खटला एकदा चालून गेला आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. परदेशी, ठोकळ्या स्वरांची, मींड न येणारी, असे आरोप होते आणि त्यातले काही खरेही होते. बंदी तीसेक वर्षं टिकली. तेवढ्या काळात मराठी रंगभूमीने, भजनी मंडळांनी आणि गाण्याच्या क्लासांनी पेटी सोडली का? इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यालाही नाकं मुरडून झाली, आणि आज तोच डबा, नाहीतर त्याचं मोबाइलमधलं रूप लावून रियाज चालतो.

आता मंडन. माझं म्हणणं एवढंच, की प्रोसेसर हे वाद्य आहे आणि वाद्य लावावं लागतं. तंबोऱ्याची जवारी नीट नसेल तर आपण जवारी काढणाऱ्याकडे जातो. तंबोरा ही कल्पनाच फसवी आहे असा लेख लिहीत नाही. प्रोसेसरची जवारी म्हणजे त्याची जोडणी.

सुरुवात आउटपुटपासून करा. आवाज कशात चालला आहे? गिटार अ‍ॅम्पमध्ये जात असेल तर तिथे खरा स्पीकर आहे, म्हणून यंत्रातलं कॅबिनेट बंद. नाहीतर एक खोटा स्पीकर आणि त्यावर एक खरा, अशा दोन गाळण्यांतून आवाज निघतो आणि माठात तोंड घालून गायल्यासारखा येतो. माझ्या मित्राचं हेच झालं होतं. मिक्सरमध्ये, हेडफोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये जात असेल तर कॅबिनेट चालू. नाहीतर ५,००० हर्ट्झच्या वरचा सगळा कचरा सरळ कानात येतो आणि डिस्टॉर्शन लावताच डासांचा थवा घोंगावतो. ‘प्लास्टिक’ या शब्दाचा उगम बहुतेक वेळा या दोनांपैकी एका चुकीत असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे घर आणि स्टेज यांतला फरक. रात्री अकराला शेजाऱ्यांच्या भीतीने बारीक आवाजात बनवलेला पॅच (यंत्रात साठवलेली आवाजाची मांडणी) मंडपात घुमतो आणि कानही टोचतो. यात जादू काही नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं, की आवाज बारीक असताना कानाला खर्ज आणि टीप कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण दोन्ही वाढवून ठेवतो, आणि आवाज मोठा झाला की ती वाढ अंगावर येते. पॅच बनवायचा तर ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात, ड्रम आणि बास सुरू असताना. आणि यंत्रात येतानाच भरून दिलेले प्रीसेट विसरा. ते दुकानात एकट्या बसलेल्या गिऱ्हाइकाला गटवायला केलेले असतात. रिव्हर्ब घागरीने ओतलेला असतो.

घुंई हा स्वतंत्र अध्याय आहे. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घुंई गेली तर ती पिकअपमधून येत होती. सिंगल कॉइल पिकअप असेल तर जागच्या जागी फिरून पाहा, एका दिशेला ती कमी होईल. व्हॉल्यूम शून्य करूनही राहिली तर केबल, अ‍ॅडाप्टर किंवा अर्थिंग पाहा. लॅपटॉपला यूएसबीने जोडल्यावर बारीक किणकिण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा तिथेच मिटतं. मिक्सरकडे जाताना डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका याच रोगावर असतो. नॉइज गेटने घुंई लपते, बरी होत नाही, आणि गेट जास्त आवळला तर लांबवलेल्या स्वराची शेपटीही कापली जाते.

एक उपाय मात्र कधीही करू नये. मांडवात घुंई घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढणारे कलावंत मी पाहिले आहेत, आणि घुंई खरोखर जाते, हेच वाईट. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला. एका हातात गिटारच्या तारा असतात आणि ओठाशी माइक. मधला रस्ता म्हणजे आपण.

अ‍ॅडाप्टरबद्दल दोन वाक्यं. व्होल्ट तेवढेच, मिलिअँपियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या मध्यभागी ऋण की धन ते यंत्रावर छापलेलं पाहून घ्यावं. पेडलांच्या दुनियेत बहुतेक ठिकाणी मध्यभागी ऋण असतं, राउटरच्या अ‍ॅडाप्टरला धन. माळेसारख्या एकाच अ‍ॅडाप्टरवर पाच पेडलं आणि वर प्रोसेसर लटकवला, तर यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होईल आणि त्याला आपण ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ म्हणू.

आवाजच येत नाही? आधी ट्यूनर चालू राहिलाय का पाहा. त्यात बहुतेक यंत्रं मुकी होतात. मग पायाखालचं व्हॉल्यूम पेडल टाचेकडे दाबलेलं आहे का पाहा. मी स्वतः एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भर स्टेजवर दोन केबली बदलल्या, साउंडवाल्याला चार शब्द सुनावले, आणि मग ट्यूनर बंद केला. त्या साउंडवाल्याची या लेखातून उशिरा का होईना, माफी मागतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत जॅक आणि खटके खरखरतात, तेव्हा सर्किटचा म्हणून मिळणारा काँटॅक्ट क्लीनर वापरावा. खोबरेल तेल नव्हे. आणि फॅक्टरी रीसेट करण्याआधी पॅचेसची प्रत काढून ठेवावी, कारण तो रीसेट तुमची दोन वर्षांची मेहनत विचारत बसत नाही.

या सगळ्यानंतरही आवाज आवडला नाही तर? नसेल आवडत. मागे उभा असलेला अ‍ॅम्प पोटरीवर हवा मारतो, गिटार त्याच्याकडे वळवली की तार आपोआप गुणगुणायला लागते, ते सुख छोट्या मॉनिटरमधून मिळत नाही, हे मी मान्य करतो. शंभर पर्यायांच्या मेनूत माणूस वाजवायचं सोडून बटणंच फिरवत बसतो, हेही खरं. माझ्या कित्येक संध्याकाळी तशा गेल्या आहेत. पण फेंडरचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोंचा आहे. लिफ्ट नसलेल्या सभागृहात तो तिसऱ्या मजल्यावर ज्याने स्वतः उचलून नेला, त्याच्याच तोंडून मी ‘जीव’ या विषयावर प्रवचन ऐकायला तयार आहे.

‘जीव नाही’वाल्यांच्या बरोबरीने दुसरा एक पंथ निघाला आहे. तो म्हणतो, आवाज वाईट आहे ना, मग पुढचं मॉडेल घे. दोघांचं गृहीतक एकच: दोष डब्यात आहे. जुन्या डब्यात कॅबिनेट उलटं लावणारा नव्या डब्यातही उलटंच लावणार, फक्त आता रंगीत पडद्यावर. डबा खरोखर मरतोही. जॅक तुटतो, पडदा जातो, पाणी शिरतं. पण दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी मूळचा अ‍ॅडाप्टर, दुसरी केबल आणि हेडफोन एवढ्यानिशी एकदा वाजवून पाहणं हे काही फार मोठं मागणं नाही.

तरीही ज्यांना पटलं नसेल, त्यांनी आपला व्हॉल्व अ‍ॅम्प घेऊन एका रविवारी यावं. पडदा मी लावतो, प्रोसेसर माझा. दोन्हींना तोच स्पीकर, तोच आवाज, तोच वाजवणारा. कोणता कोणाचा, हे दहा वेळा कागदावर लिहून द्यायचं. जागा कोणाचीही चालेल. अट एवढीच, की सॉकेट तीन पिनांचं हवं आणि त्याला अर्थिंग खरोखर असायला हवं.