संगणक भंगारात देण्यापूर्वी

विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. संगणक चालतो, मात्र वाढीव मुदतीसाठी नाव न नोंदविल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत.

आमच्या घरचा संगणक दुकानदाराला दाखविला. "भंगारात द्या, नवा घ्या," म्हणून तो मोकळा झाला. मुलीची परीक्षा तोंडावर आणि पगाराला दहा दिवस अवकाश! नवा आणायचा कोठून?

आम्ही मायक्रोसॉफ्टचाच 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम चालविला. प्रोसेसर बसत होता, चार जीबी रॅमची अट पूर्ण होत होती. अडले होते टीपीएम २.० पाशी. संगणकाच्या गुप्त किल्ल्या जपणारी ही सोय पुष्कळ यंत्रांत असतेच, पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये शिरून ती चालू केली. (दुकानदाराला हे ठाऊक नसेल, असे आम्हास वाटत नाही.) आधी घरचे फोटो, दाखले पेनड्राइव्हवर उतरविले आणि मग विंडोज ११ घातले. खर्च शून्य.

इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर मात्र चालत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स मिंट आहे, तेही फुकट. फक्त टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांनी घाई करू नये. टॅली विंडोजसाठीच बनविलेली आहे.