शुक्रवारची नवरी

मैत्रिणींनो, आमच्या दापोलीहून वेसवीला जाऊन फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे रायगड जिल्हा. तिथे बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, जुनी गावं आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावंही आपल्यासारखीच. पेणकर, रोहेकर!

तिकडच्या माझ्या एका मैत्रिणीकडे शुक्रवारी दुपारी गेले, तर तिची कोण धांदल! दिवस मावळायच्या आत स्वयंपाक, झाडलोट, दिवे. मी विचारलं, ‘पाहुणे यायचेत का गं?’

‘नवरी यायचीय.’

‘कुणाची?’ मी आपली वेड्यासारखी विचारतेय.

ही नवरी म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताला लागणारा विसाव्याचा दिवस. तिच्या स्वागताचं गीत यहुदी लोक त्या संध्याकाळी प्रार्थनेत म्हणतात. नाव ‘लेखा दोदी’. अशा भक्तिगीतांना हिब्रूत पियूत म्हणतात. हे सोळाव्या शतकात साफेद गावच्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलं. आपले तुकोबा शेवटी ‘तुका म्हणे’ म्हणून मोकळे होतात. यांनी नाव लपवून ठेवलंय. पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की ‘श्लोमो हलेवी’!

शेवटच्या कडव्याला मशिदीतली (हो, सिनेगॉगला ते मशीदच म्हणतात, मुंबईतली त्यांची पहिली १७९६ची) सगळी मंडळी उठून दाराकडे तोंड करतात. माप ओलांडायला नवरी उंबरठ्याशी आली की आपण नाही का सगळ्या वळून बघत?

बायका वेगळ्या बसतात. मैत्रिणीच्या आईला हिब्रू वाचता येत नव्हतं. तिने शब्द बाळबोधीत वहीत उतरवून घेतले, चाल मात्र कानाने उचलली. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. मैत्रिणीच्या गावी आता सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमत नाहीत. घरी गायला मात्र कुणाची आडकाठी नाही. वही लेकीबरोबर तिकडे गेली. पण वहीत चाल कुठे असते, बाई? तिकडच्या मशिदीत निराळीच म्हणतात म्हणे.

म्हणून ती दर गुरुवारी नातीला फोनवर एकेक कडवं गाऊन दाखवते. शुक्रवारी दिवे लागले की ती फोनला हात लावत नाही, तेव्हा तुमची अशी कुणी मैत्रीण असेल तर आधीच करा हं. गेल्या गुरुवारपर्यंत सहा कडवी झाली होती. पोरगी तिसऱ्यात अजून चुकते.