बोंडूचा डाग आणि पांढरा गणवेश

काजूच्या बोंडूचा रस पांढऱ्या सदऱ्यावर सांडला की आधी काहीच दिसत नाही. रस पातळ, फिकट पिवळा. सदरा इतर कपड्यांबरोबर बादलीत पडतो, साबण लागतो, दोरीवर वाळतो आणि घडी घालायला घेतला की छातीवर तपकिरी ओघळ उमटलेला असतो. गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत ज्यांच्या घरी काजूची बागायत आहे त्यांना मार्च ते मे या दिवसांत हे काही नवीन नाही. झाडाखालचे बोंडू वेचायला, बिया पिरगळून वेगळ्या करायला, कोळंबीत, म्हणजे तुडवणीच्या कुंडात, बोंडू तुडवून झाले की त्यांचा ताजा रस, नीरो, प्यायला घरातली पोरं पुढे असतातच. त्यांनी तिथे असू नये असं कोणी म्हणणारही नाही.

पूर्वी हा हंगाम बराचसा सुट्टीत निघून जायचा, अंगावर घरचे जुने कपडे असायचे. २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले आणि बोंडू व गणवेश यांची गाठ पडली. शाळेतून येताना वाटेवरची बागायत लागते, आणि मग व्हायचं ते होतं.

या तालुक्यांतल्या मुलांच्या कपड्यांवरचे डाग तिथल्या मातीचे, झाडांचे आणि समुद्राचे आहेत. साबणाच्या जाहिरातीत दिसतात ते चॉकलेटचे आणि सॉसचे. त्यामुळे पाकिटावरचे उपाय इथे पुष्कळदा निकामी ठरतात, कधी कधी उलटेही पडतात. डाग गेला नाही म्हणून धडधाकट कपडा फरशी पुसायला जातो आणि मुलाला वर बोलणी बसतात. हे दोन्ही टाळता येतं. त्यासाठी आधी डाग कशाचा आहे ते कळायला हवं, आणि जो डाग निघणारच नाही त्याच्यावर रंगाने किंवा सुईने काम करायची तयारी हवी. त्यानंतरची जबाबदारी शाळांची आहे.

बोंडू खाल्ल्यावर घशाला जी खरखर लागते ती टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळे. हेच टॅनिन कापडात शिरतं आणि हवा लागली की तपकिरी होतं. अशा ताज्या डागावर साबणाची वडी घासली तर तो अधिकच पक्का बसतो. आधी भरपूर थंड पाणी, मग थोडा व्हिनेगर आणि त्यानंतर धुण्याची पावडर, हा क्रम उपयोगी पडतो. त्यातून विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर डागाला काळसर छटा येते, कारण टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. युरोपात शेकडो वर्षं लिहिण्याची शाई याच मेळातून बनत होती.

कोकमाची गोष्ट याहून निराळी. मे महिन्यात रातांबे फोडताना फ्रॉकवर उडालेला लालभडक थेंब साबण लागताच निळसर-करडा होतो आणि आई घाबरते. त्या रंगाचा स्वभावच तसा आहे. आंबट लागलं की लाल, साबणासारखं अल्कधर्मी काही लागलं की निळ्याकडे. म्हणून कोकमाच्या डागावर आधी लिंबू पिळून तो पुन्हा लाल करून घ्यावा आणि वाहत्या पाण्याखाली धरावा. बराचसा रंग डोळ्यांदेखत उतरतो. हळद याच्या उलट वागते. साबणाने ती लाल होते, पण उन्हापुढे टिकत नाही. हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, डाग पडलेला सदरा धुऊन ओलाच उन्हात टाकला तर दोन-तीन दिवसांत फिका पडतो. अडचण पावसाळ्याची. जुलैमध्ये ऊन आणायचं कुठून? तेव्हा एवढंच पाळावं की हळदीचा डाग असलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवायची नाही. ऊन पडेपर्यंत तो तसाच राहू द्यावा.

लाल माती हा या सगळ्यातला मोठा विषय. पेडण्याचे जांभ्याचे सडे घ्या की डिचोलीचा खाणपट्टा, मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा आहे. मये, शिरगाव, मुळगावच्या लोकांनी ट्रकांमागून उडणारी तांबडी धूळ वर्षानुवर्षं झाडांवर, छपरांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पाहिली. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीतूनच नव्या लिलावातलं खनन सुरू झालं. हे लोह पाण्यात विरघळत नाही. ओला चिखल चोळला की बारीक कण धाग्यांच्या आत जातात. म्हणून चिखल पूर्ण वाळू द्यायचा, झाडायचा, ब्रशने काढायचा आणि त्यानंतरच पाण्यात घालायचा. उरलेल्या तांबूस छटेवर लिंबू आणि मीठ लावून ऊन दाखवलं तर फरक पडतो. ब्लीच मात्र चुकूनही नको. क्लोरीनच्या ब्लीचने लोहाचा डाग जात नाही, अधिक घट्ट होतो आणि कापड मात्र झिजतं. इथल्या किती पांढऱ्या पँटी गुडघ्यात या ब्लीचनेच विरल्या असतील!

किनाऱ्याकडे, मोरजी-हरमल-केरीला, आणखी एक शत्रू आहे. मे ते सप्टेंबरच्या सुमारास समुद्र डांबराचे गोळे किनाऱ्यावर आणून टाकतो. जहाजांच्या टाक्या धुतलेलं आणि सांडलेलं तेल साकळून ते होतात. वाळूत बसलेल्या मुलाच्या चड्डीला ते चिकटले की पाणी, साबण सगळं व्यर्थ. खरवडून काढावं, खोबरेल तेल चोळून डांबर सैल करावं आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाने तेलासकट धुऊन टाकावं. फणसाच्या चिकालाही खोबरेलच लागू पडतं. केळीचा चीक एकदा वाळला की बहुधा हार मानावी लागते.

आणि हार मानली की खरी मजा सुरू होते.

जपानच्या अमामी ओशिमा बेटावर रेशीम एका झाडाच्या टॅनिनयुक्त काढ्यात बुडवतात आणि मग लोहयुक्त चिखलात मळतात. पुन्हा पुन्हा असं केलं की त्या चिखलातून गडद, चमकदार काळं रेशीम बाहेर येतं आणि भारी किमतीला विकलं जातं. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचं बोगोलान कापडही पानांचा काढा आणि चिखल यांतूनच रंगतं. आपल्याकडे कलमकारीचे कारागीर गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळी रेघ ओढतात, आणि ती धरावी म्हणून कापड आधी हिरड्यात भिजवलेलं असतं. म्हणजे ज्या रसायनाने डिचोलीतल्या मुलाचा सदरा नासतो, त्याच रसायनावर जगात कुठे कुठे कारागिरांची घरं चालतात.

घरी हे करता येतं. डागाळलेला सुती फ्रॉक हिरड्याच्या पुडीच्या किंवा चहाच्या घट्ट काढ्यात अर्धा तास मंद आचेवर ठेवायचा. गंजके खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात पंधरवडाभर आधीच मुरत घातलेलं हवं. ते पाणी गाळून त्यात फ्रॉक बुडवला की बघता बघता राखाडी आणि मग काळपट रंग चढतो. हातभर अंतरावर उभं राहून हे बघणारं मूल तो फ्रॉक सहजी टाकून देणार नाही. काही पथ्यं आहेत. लोहाच्या पाण्यात कपडा फार वेळ ठेवू नये, कारण जास्तीचं लोह कालांतराने सूत कमजोर करतं. नंतर तो पुष्कळ पाण्यांतून काढावा आणि पहिले काही दिवस वेगळा धुवावा. टेरिकॉटवर मात्र रंग फिका आणि असमान बसतो, तेव्हा हा उपाय शुद्ध सुतासाठीच.

ज्यांना मडकं मुरवण्याची उस्तवार नको त्यांच्यासाठी भेंडी आहे. भेंडीचे ठसे मारले नाहीत असं मराठी मूल विरळा. आडवी कापलेली भेंडी फॅब्रिक कलरमध्ये बुडवून सदऱ्याच्या पुढच्या भागावर दाट फुलं उमटवली की तपकिरी ओघळ त्यांत हरवतो. रंग वाळला की उलट्या बाजूने इस्त्री करायची, म्हणजे धुण्यात टिकतो. ठसे मुलानेच मारावेत. वाकडे पडले तरी पडू द्यावेत.

गुडघ्याच्या किंवा कोपराच्या डागाला ठिगळच हवं, कारण तिथलं कापड तसंही लवकर विरतं. ठिगळाचं कापड आधी धुऊन घ्यावं, नाहीतर पुढे आक्रसून ओढ बसते. डागापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं कापावं आणि कोपरे गोल ठेवावेत, टोकदार कोपरा आधी उसवतो. कडेने काज टाका घालून गडद दोरा दिसू द्यावा. छातीवरच्या डागावर खिसा उत्तम, आणि मुलांना खिसे कितीही चालतात. ज्या समाजात नव्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुनं मऊ सुती कापड लावतात, आजीच्या लुगड्यांची गोधडी पांघरून पोरं मोठी होतात आणि चिंध्यांचा वेश केलेल्या गाडगेबाबांपुढे लोक नतमस्तक झाले, त्या समाजाला ठिगळाची लाज वाटावी हे मनाला पटत नाही.

पण लाज वाटते, आणि ती शाळेच्या फाटकाशी सर्वांत जास्त वाटते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या आठवीपर्यंतच्या पात्र मुलांसाठी दोन गणवेशांना वर्षाला ६०० रुपये धरलेले आहेत. दोनच जोड असतील तर एका डागाने अर्धी पुंजी जाते. त्यात अनेक शाळांत कवायतीच्या दिवशी पांढरा गणवेश सक्तीचा असतो. लोहाच्या मातीत, पावसाच्या दिवसांत, मैदानावर खेळण्याच्या तासाला पांढरा रंग का? शिस्त राखायची तर मातकट, गडद निळा किंवा करडा रंगही ती राखतो. पांढऱ्याने होतं एवढंच की मूल चेंडूमागे घसरायला कचरतं. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढातल्या द्वादशीला चिखलकाला होतो तेव्हा अख्खा गाव चिखलात लोळणाऱ्या पोरांचं कौतुक करतो. तीच पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत गुडघ्यावरच्या तांबड्या डागासाठी रांगेबाहेर उभी राहू नयेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ठिगळ लावायला परवानगी दिली तर ते गरिबाच्याच पोराच्या अंगावर दिसेल आणि वर्गात त्याची ओळख तीच होऊन बसेल. म्हणूनच हे एकेका घरावर सोडून चालणार नाही, शाळेने ते सगळ्यांसाठी करायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याची सोय सांगितली आहे. त्यांतले दोन दिवस गावच्या शिंप्याला वर्गात बोलवावं. डॉक्टरांचा मुलगा आणि खाणकामगाराची मुलगी शेजारी बसून धावदोरा, साखळी टाका, काज टाका शिकतील आणि प्रत्येकाच्या गणवेशावर स्वतः लावलेलं एक तरी ठिगळ असेल, तर ठिगळावरून कोणाला चिडवण्यात काही राहणार नाही. फ्रान्स सरकार २०२३ पासून कपडे-चपलांच्या दुरुस्तीसाठी ग्राहकाला काही युरोंची सूट मिळवून देतं. इथे पैशांचीही फारशी गरज नाही. लागेल ती मुख्याध्यापकांची परवानगी.

पालक-शिक्षक संघाच्या वर्षारंभीच्या पहिल्या बैठकीत हा विषय घेता येईल. पावसाळ्यात पांढरा गणवेश नको, स्वच्छ धुतलेल्या कपड्यावरचा जुना डाग किंवा नीट शिवलेलं ठिगळ हा दोष धरू नये, असे दोन ठराव पुरेत. आणि गणवेशाचं कापड ठरवताना दुकानदाराकडून त्याच कापडाचे चार-पाच मीटर शाळेने जास्तीचे घेऊन कपाटात ठेवावेत, म्हणजे ज्या मुलाला ठिगळ जुळत्या रंगाचंच हवं असेल त्याला ते तिथेच कापून देता येईल.